चाळीस हर्ट्झ

आमची गाडी सात आसनांची, करडी, सेकंडहँड.
आधीच्या मालकाने तिच्यात बहुधा कुत्री वाढवली असावीत.
जुळी झाली तेव्हा रायमोने दोन दारांची लाल गाडी विकली
आणि ही आणून दारात लावली.
बोलला काही नाही.
बारा वर्षं बोलला नाही.

मग कागदाच्या गिरणीतल्या पाळ्या कमी झाल्या
आणि गॅरेजमधला दिवा रात्री उशिरापर्यंत दिसू लागला.

आधी आला बॉनेटखाली हवेचा जाडजूड नळा,
मग एक्झॉस्ट, मग लॅपटॉप जोडून
इंजिनच्या मेंदूत काहीबाही फिरवाफिरव.
"अठरा घोडे वाढले," म्हणाला.
"त्यांचा चारा?" मी विचारलं.
पेट्रोलचा हिशेब माझ्या वहीत आहे, तो इथे सांगत नाही.

थंडर बेहून निपिगनकडे जाताना
सरोवराच्या कडेने एक लांब चढ आहे.
तिथे आम्ही कायम ओंडक्यांच्या ट्रकमागे
हात जोडल्यासारखे चालायचो.
त्या रविवारी नाही.
रायमोने पाय दाबला, ट्रक मागे गेला,
आणि सासूबाईंच्या मांडीवरच्या तीस अंड्यांतली अकरा फुटली.
लेंपी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.
कोटावरचा बलक पुसत म्हणाल्या,
"परत येताना पुन्हा कर."

तरी आवाजाचं खूळ बाकीच होतं.
चार स्पीकर, सीटखाली अँप्लिफायर,
डिकीच्या तळाशी, जिथे बाबागाडी घडी करून ठेवायचो,
तिथे एक काळा डबा, ओल्या वाळूच्या पोत्याएवढा.
नाकापेक्षा मोती जड.
मी म्हटलं नाही. ऐकणारा बहिरा झाला होता आनंदाने.

दारांचे पत्रे उघडले, आतून डांबरी चटया चिकटवायला,
तर खाचेत निघाले बेदाणे, दगड झालेले,
हॉकीच्या खेळाडूचं एक कार्ड,
आणि साराचा हिरवा हातमोजा, एकच, अंगठ्याएवढा.
रायमो तो बराच वेळ बोटावर घालून बसला होता.
मी दाराआडून पाहिलं, आणि चहा परत नेला.

सगळं बसवून झाल्यावर सुरू झाली खरखर.
कुठून, कळेना.
वरच्या पट्टीत नाही, बोलण्यात नाही,
फक्त खालच्या खर्जात, चाळीसच्या आसपास,
जणू कुणी दात न दाखवता चिडत होतं.
दोन आठवडे तो शोधत होता. जेवताना टेबलावर
बोटांनी तीच खरखर वाजवायचा.

शेवटी एईलिस उठला. गेलं वर्षभर
बापाशी "हो" आणि "बघू" एवढंच बोलणारा.
टॉर्च घेऊन डिकीत शिरला, पाय पोटाशी घेऊन.
बाहेर उणे एकवीस, गॅरेजचं दार लावलेलं,
पुढे बाप बटण फिरवतोय, एकच स्वर,
घर हलवणारा.
"डावीकडे?"
"नाही. थांब. अजून खाली घे."
"आता?"
"हां. परत वाजव."
"आता?"
"बाबा, जॅकचा नट!"

त्या नटाखाली त्यांनी हिरव्या हातमोज्याचा तुकडा घातला.
मला न विचारता कापला.
मी तीन दिवस बोलले नाही, चौथ्या दिवशी बोलले.

आता गाडी इतकी शांत आहे
की टायरखालचं मीठसुद्धा ऐकू येतं.
काल तिसऱ्या रांगेतून, काचेशी तोंड नेऊन,
स्वतःशीच बोलल्यासारखा एईलिस म्हणाला,
"यंदा मला हॉकी खेळायची नाहीये."
जुन्या गाडीत हे इंजिनने गिळलं असतं.
रायमोचा हात आवाजाच्या बटणावर होता.
तो तिथेच राहिला.
सिग्नल हिरवा झाला, मागून कुणी हॉर्न दिला,
आणि आमचे अठरा जास्तीचे घोडे
चौकात तसेच उभे.