तीन मिनिटं, रायबंदर ते चोडण

फेरी पलीकडे जायला सहा मिनिटं घेते,
म्हणजे माझं बोलणं दोनदा बसतं त्यात,
कुणी हॉर्नवर कोपर ठेवून बसलं नाही तर.
पंधरा दिवस कठड्याला टेकून
मी मांडवीकडे भांडवल मागतेय.
तिनं अजून एकही प्रश्न विचारलेला नाही.
फळी वर घेणारा कायतान मात्र घड्याळ लावतो:
"बाय, आयज चार सेकंद चड जाले."

पहिलं वाक्य अकरा वेळा बदललं.
आधी होतं, 'खाजन शेती ही आपली शेकडो वर्षांची...'
एल्विटो म्हणाला, भाषण नको, दुखणं सांग.
मग झालं, 'खारं पाणी रात्री येतं.'
ते राहिलं.

चौदा पानांची सात झाली.
बाजारपेठेच्या पानावर एक गोल, त्यात गोल, त्यात गोल,
अगदी आत एक ठिपका.
ठिपक्यात शाबामामा,
बांधावर उकिडवा, टॉर्च दातांत धरून,
मानशीच्या फळ्यांतून किती खार झिरपतोय
ते बोट बुडवून, चाखून सांगणारा.
आमचं यंत्र तेवढंच करतं. फक्त झोपत नाही.
(हे वाक्य एल्विटोनं खोडलं. मी पुन्हा घातलं.)

पाटोवर, सहावा मजला.
कुर्ता इस्त्रीचा, चपलेच्या टाचेला सकाळचा चिखल.
आमच्या आधीचा मुलगा सहा वेळा म्हणाला
की तो उलथापालथ करणार आहे.
पाण्याचा ग्लास उलथला, तेवढाच.

मग मी.
भिंतीवर लाल आकडे, उलटे चालणारे.
खारं पाणी रात्री येतं, म्हणाले,
आणि पुढचं सगळं गेलं.
दहा सेकंद नुसता एसीचा आवाज.
ओहोटीला तळ उघडा पडावा तसं
एकेक दिसू लागलं: टोपण नसलेलं पेन,
अर्धं बिस्कीट, कुणीतरी गिळलेली जांभई.
मग कुठूनसं कायतानचं "बाय" ऐकू आलं
आणि मी फेरीवर बोलते तशी बोलले,
जरा मोठ्यानं, इंजिनाच्या वरून.

मधल्या तळावलीकर बाईंनी चष्मा काढला.
"तुमची मोट काय?"
क्षणभर मला चामड्याची मोट दिसली,
बैल, विहीर, पाठ्यपुस्तकातलं चित्र.
मग कळलं, किल्ल्याभोवतीचा खंदक म्हणतायत,
उद्या दुसऱ्या कुणी हेच केलं तर
तुम्हांला वाचवेल काय.
म्हटलं, बाई, चौतीस मानशी, चौतीस राखणदार,
एकमेकांच्या बांधावर पाय न ठेवणारे.
वर्षभर फिरून त्यांची मोट बांधलीय.
ती कुणी उचलून नेऊन दाखवावी.
एल्विटोनं डोळे मिटले.
कुणीतरी हसलं. लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही.

"आणि पैसे देणार कोण?"
उत्तर आठव्या पानावर होतं, आम्ही काढून टाकलेल्या.
खरं तर तेही अंदाजानंच लिहिलेलं.
म्हटलं, अजून नक्की माहीत नाही.
हे मी फेरीवर कधी म्हटलं नव्हतं.

"कळवतो," म्हणाले.

रायबंदरच्या धक्क्यावर फोन थरथरला.
एल्विटोनं आधी पाहिलं, मग न बोलता माझ्याकडे दिला.
मानशी क्रमांक नऊ: खार वाढतोय.
शाबामामाला फोन लावला.
"हांव हांगाच आसां. फळयांनी कुर्ली शिरकल्या."
मग बराच वेळ पाण्यात चालल्याचा आवाज.
"तुमच्या यंत्रान बरें सांगलें गो.
पूण म्हाका आदींच कळ्ळेलें."

चोडणला कायताननं फळी टेकवली.
किती झाले आज, मी सवयीनं विचारलं.
"घड्याळ लावंकूच ना," तो म्हणाला,
"तूं कितेंच उलोवंक ना."