माघारीचा अर्ज

टेबलावर पिवळा कागद आहे.
शुक्रवारी पाचच्या आत सही केली
तर कॉलेजच्या रसायनशास्त्रापुढे एक अक्षर पडेल, डब्ल्यू.
नाही केली, तर जे पडेल ते पडेल
आणि पुसलं जाणार नाही.
दर ऑक्टोबरात हे मी कुणा ना कुणाला सांगते.
खिडकीबाहेर गव्हाचं तेच उंच कोठार,
वारा मांसाच्या कारखान्याकडून आला
की वासही तोच.

होदान वारसमे. वय सोळा.
सकाळी आमच्या शाळेत,
दुपारी चाळीस मैलांवर, कॉलेजात.
मेमध्ये मीच म्हणाले होते, घे,
दोन वर्षांची फी वाचेल.
तिथे उशिरा दिलेल्या वहीकडे कुणी काणाडोळा करत नाही,
मामेभावाची गाडी बंद पडली
तरी लॅब दोनच्या ठोक्याला सुरू होते,
हे म्हणाले नव्हते.
म्हणाले असेनही.
पत्रकात होतं. सातव्या ओळीत.

आई रात्रपाळीहून थेट आली आहे.
मनगटांवर हातमोज्यांचे वळ अजून ओले.
काल तिने कॉलेजला फोन केला होता.
तिकडून उत्तर आलं,
विद्यार्थिनीच्या परवानगीवाचून
तिच्या मार्कांविषयी बोलता येत नाही.
हे तिला फोनवर समजावून सांगितलं
होदाननेच.

परवानगीचा कागद गुलाबी असतो.
त्यावर मुलीने सही केली,
आईला सगळं सांगायला हरकत नाही म्हणून.
आता सांगायचं कुणी?
जिल्ह्याचा दुभाषा आज दुसऱ्या शाळेत,
फोनवरची बाई बावीस मिनिटांनी मिळेल.
मुलांना मध्ये घालू नये, असा नियम आहे.
नियम मला पाठ आहे.
आईला झोपायला जायचंय,
संध्याकाळी पुन्हा पाळी.

मी म्हणाले:
तुमची मुलगी आळशी नाही.
एकदम खूप अंगावर घेतलंय तिने, तेही माझ्या सांगण्यावरून.
हे अक्षर म्हणजे डाग नव्हे,
पुढे कुणी विचारलं तर मी स्वतः पत्र लिहीन.
मात्र अशी दोन-तीन झाली
तर शिष्यवृत्तीला अडचण येऊ शकते.

माझं एवढं सगळं.
होदानने चार शब्दांत उरकलं.

आईने कागद उलटून पाहिला.
मागे कोरं होतं.
मग ती बोलली, बराच वेळ,
आवाज न चढवता,
ताटाखालचं फडकं सारखं करावं तसा
हात टेबलावर फिरवत.
मध्ये एक शब्द दोनदा आला, होयो.
तो मला ठाऊक आहे.
होयो म्हणजे आई.
आणि त्यांच्यात आईच लेकराला होयो म्हणते,
मिस उन्रू, उलटंच आहे आमचं,
सप्टेंबरात होदान हसत म्हणाली होती,
नवं ओळखपत्र गळ्यात घालून.

काय म्हणाल्या?

होदान कोठाराकडे बघत राहिली.
म्हणते, ठीक आहे.

एकोणीस वर्षं या खुर्चीत बसते मी.
तीन क्रेडिटचे आठवड्याला किती तास,
झोपेत विचारा, सांगेन.
ते 'ठीक आहे' मात्र
मला सुटं करता येईना.

होदानने सही केली.
अर्जावर एकच रेघ असते, विद्यार्थ्याची.
कॉलेजच्या लेखी ती पुरते.
आईने पेन मागितलं.
रेघेखाली, जिथे काहीच छापलेलं नाही तिथे,
अक्षर अक्षर जुळवत तिने लिहिलं
शुक्री.
मी अडवलं नाही.
तसाच स्कॅन केला,
चार वाजून दहा मिनिटांनी.

तेवढ्यात स्पीकरवर ती बाई लागली.
नमस्कार, मी तुमची सोमाली दुभाषी,
बोला,
ऐकू येतंय ना?

आम्ही तिघी फोनकडे पाहत होतो.
बाहेर मालगाडी जात होती,
तिचे डबे संपेपर्यंत
बाईने दोनदा विचारलं,
कुणी आहे का तिकडे?