सहा दिवसांचे पाय

रायबंदरच्या फेरीतून चोडणला उतरलं की
डाव्या हाताला मिठानं पांढरा पडलेला बांध,
त्याच्या टोकाला हे कपेल.
आत चार बाकं, एक पेटी,
आणि ही भिंत, जिच्यापुढे बसून मी
गेले अकरा आठवडे
दंतवैद्याच्या हत्यारानं
चुना खरवडते आहे.

रोकेझिन सांगतो, यातले चाळीस हात तरी माझे.
दर फेस्ताआधी एक.
त्याच्या आधीचे बापाचे, आजाचे.
मी उलटी मोजत जाते:
हा निळसर, नीळ जास्त पडलेल्या वर्षाचा.
हा पिवळट, कुणीतरी पाणी वाचवलेला.
हा काजळी धरलेला. त्या साली काय झालं होतं
ते आता कुणालाच आठवत नाही.

सगळ्यांच्या तळाशी ब्रदर तिबाल्दो.
फ्लोरेन्सजवळच्या कुठल्याशा गावाहून
ओल्या चुन्यावर रंगवायची विद्या घेऊन आलेला.
सकाळी तेवढंच लिंपायचं, जेवढं
दिवेलागणीच्या आत रंगून होईल.
सुकल्यावर भिंत ऐकत नाही.

त्यानं वरून सुरुवात केली, पंखांपासून.
वाळू घेतली नदीची.
गावात एखाद्या पोराला जरी विचारलं असतं
तर ते म्हणालं असतं,
भरतीची वाळू आहे ती पाद्री, घाम सोडते.

मिठानं चेहरा खाल्ला.
आता तिथे पोळीएवढा पांढरा डाग
आणि भोवती सोन्याची कड.
पंखातलं एक पीस शाबूत. इतकं नाजूक
की मी श्वास मान वळवून सोडते.

कमरेपर्यंत आला आणि तापानं गेला.

मग जमाखर्चाच्या वहीत,
कसरीनं चाळण केलेल्या पानावर, एक ओळ:
गवंडी एक. दिवस सहा. तांदूळ.
नाव नाही.

पेडण्याकडचा असेल.
देवळांच्या भिंतींवर हुरमुंजी तांबडा कोरणारा,
शिंपल्या स्वतः भाजणारा, चुन्यात गूळ घालणारा.
त्याला म्हणाले असतील, देवदूताचे पाय काढ.
देवदूत त्यानं पाहिला नव्हता.
पाय पाहिले होते.

म्हणून हे असे. पसरट. टाचांना भेगा,
भेगांत खाजनाचा काळा चिखल,
डाव्या करंगळीवर शेजारचं बोट चढलेलं.
जमिनीपासून वीतभर वर आहेत, हवेतच,
पण अंगठा दाबलेला,
ओल्या बांधावरून चालताना दाबतात तसा.

एक पोपडा सुटलेला नाही.

घोट्यांखाली मात्र रंग झिजलाय.
गुळगुळीत, बोटांच्या मापानं.
हे मिठाचं काम नव्हे.
पिएदाद मावशी फुलं बदलायला आली
तेव्हा तिला विचारलं.
हसली. म्हणे, पणजीची पणजी सांगायची,
इथे बायका पाया पडायच्या.
हात लावायचा, मग तोच हात कपाळाला.
एकदा विगारानं पाहिलं.

आणि चुन्याचा पहिला हात.

रोकेझिनच्या घरात फक्त ताकीद उरली:
खालच्या अंगाला तीन वेळा मार.
का, ते विचारू नको.

मी हातमोजे काढले नाहीत.
काढावेसे वाटले, हे अहवालात लिहायचं नसतं.

फादर ओर्लांदोना तो उद्या हवा आहे.
चित्रकार, या रकान्यात मी तिबाल्दो लिहिलं,
स्वल्पविराम दिला,
आणि जेवणाच्या सुट्टीपासून तिथेच थांबलेय.

पायरीवर चपला काढून रोकेझिन आत आला.
बराच वेळ उभा.
मग दारात कुणी नाही ना बघून
डावा पाय उचलला, भिंतीशेजारी धरला,
एका हातानं बाकाला टेकून.
करंगळीकडे पाहिलं. चित्राकडे पाहिलं.
पाय खाली ठेवला.

मंगळवारी फेस्त, तो म्हणाला.
बाकीच्या तीन भिंती तरी मारू ना, बाय?
चुना कालपासून भिजत घातलाय.