पाव हजेरी

सव्वासहाला कुकर, साडेसहाला मोटर,
सात वीसला गल्लीच्या तोंडाशी
कचऱ्याच्या गाडीचं गाणं.
ओला हिरव्यात, सुका निळ्यात,
सेल आणि फुटका बल्ब वेगळ्या पिशवीत.
अख्खं इंदूर या वेळी निवडत बसलेलं असतं,
आणि मी मनातल्या मनात
दिवस निवडते.

सियागंजच्या पेढीनं दिवाळीला दिलेली डायरी.
पुठ्ठ्याला अजून हळदीचा वास.
तीत मिनिटं मांडते मी, जमा आणि नावे.
भाजी रात्रीच चिरून. फोन सगळे जिना उतरताना.
लसूण सिटी बसमध्ये,
मांडीवरच्या पिशवीत हात घालून, न बघता.
कंडक्टर विचारतो, "दीदी, आज तड़का किसमें?"
शेठजी नव्या पोरांना सांगतात,
"ज्योत्स्ना मॅडम से सीखो, बीस का रिटर्न अठरा को."
मी मान खाली घालून आकडे टाकत राहते,
पण ऐकते.

हे बाबांचं.
बाबा मिलमध्ये टाइमकीपर होते.
भोंगा थांबला की खिडकी बंद,
तीन मिनिटं उशीर म्हणजे लाल शाई,
पाव हजेरी कट.
शेजारचे भागवतकाका एकदा
बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात सोडून
सायकल मारत आले, खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले.
त्यांचीही गेली पाव.
त्या दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं नाही.
आईनं आपलं पाठवलं,
रिकामं परत आलं ते तिनं काही न बोलता घासलं.

मिल गेली, भोंगा गेला, भागवतकाका गेले.
दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात गेला.
आता सदऱ्याची पाच बटणं
डाव्या हातानं.
मी लावली तर चाळीस सेकंद,
मोजलेत मी.
त्यांना अकरा मिनिटं, थंडीत चौदा,
आणि हात लावू देत नाहीत.
जायचं कुठेच नसतं,
फक्त निळी बादली गाडीपर्यंत न्यायची.
पण ती उघड्या छातीनं नाही.

परवा चौथं बटण काजात जाईना.
गाडी दारावरून पुढे सरकली.
मी बादली उचलायला वाकले
तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं खिडकीतून पाहत असतील.
बाहेर गाडीवरची सरजूबाई ओरडली,
"रोको भिया, बाबूजी बटन लगा रए."
गाणं वाजत राहिलं.
मागे शाळेची व्हॅन, तिच्यामागे दूधवाला,
दोघांचे हॉर्न.
मी घड्याळात पाहिलं. सवय.
तीन मिनिटं.
कुणी काही कापलं नाही.

संध्याकाळी त्यांनी खुणेनं डायरी मागितली.
त्या दिवशी अठरा तारीख होती,
लॅपटॉप उघडा, पोर्टल अडकलेलं,
गॅसवर कुकर.
लाल पेन हवं म्हणाले,
ते 'लाल' म्हणायलाच बराच वेळ गेला.
मग माझ्या चौकटीतल्या चौकटी ओलांडत,
सहा ते सात, सात ते आठ, सगळ्यांवरून,
डाव्या हातानं, मुंगीच्या चालीनं,
ओळ तिरकी होत खाली घसरत गेली:

भागवत. पाव. परत.

मी शेजारी बसून होते.
पेन धरायला मदत केली नाही,
मोजलंही नाही, म्हणजे
सुरुवातीला मोजलं,
मग कुठेतरी आकडा सुटला.

त्या पानाची बेरीज लागत नाही.
नोंद कुणाच्या खाती टाकायची ते मला येत नाही,
आणि विचारणार तरी कुणाला.
रिटर्न एकोणीसला गेला.
कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या होत्या,
भात पार गुरगुट्या.
बाबांनी दोनदा घेतला.