सुटलेला काना

बेचाळीस पेपर. घटक चाचणी, सहावी ब.
प्रश्न तिसरा, गुण दोन:
आज्ञाधारक मूल कोणास म्हणावे?

एक्केचाळीस जणांनी लिहिलंय,
जे मोठ्यांचे ऐकते व उलट प्रश्न विचारत नाही
त्यास आज्ञाधरक मूल म्हणतात.
धरक.
वर छापलेला 'धारक' डोळ्यांसमोर असताना
एक्केचाळीस वेळा धरक.

चार-पाच पेपरांवर मी लाल गोल ओढले,
मग टाचणवही उघडली.
माझंच अक्षर.
त्या दिवशी हिरेमठ सर दारात उभे होते,
घाईत फळ्यावर काना सुटला
आणि मी म्हणालो होतो,
जसंच्या तसं उतरवा, टिंबासकट.

नाना अशोक चौकामागच्या कारखान्यात
जकार्डचे पट्टे पंच करायचे.
भोक असेल तिथं दोरा वर,
नसेल तिथं खाली,
मागाला मत विचारत नाहीत.
मोर पट्ट्यात असतो रे, मागात नाही, म्हणायचे.
एकदा एक भोक जास्तीचं पडलं
आणि दोनशे चादरींवरच्या झाडून सगळ्या मोरांना
डोळ्याखाली एक पांढरा ठिपका आला.
शेठनं लॉट सेकंडला काढला,
त्यातली एक चादर पगारात धरली.
अकरा वर्षं पांघरली आम्ही ती.
रात्री ठिपक्यावर बोट ठेवून मी विचारायचो,
एंदुकु, नाना?
का असं?
आणि नाना सांगायचे, दर वेळी पहिल्यापासून,
अंधारात बोटानं हवेला भोकं पाडत.

बेचाळिसावा पेपर लावण्या मेरगूचा.
काना जागेवर. उत्तर असं:

'अम्मा म्हणते भावाशी तेलुगूत बोल, त्याला दुसरं कळत नाही.
तुम्ही म्हणता आवारात तेलुगू बोललं की एक रुपया.
भाऊ पहिलीत आहे. मधल्या सुट्टीत रडतो.
मी कुणाचं ऐकलं की आज्ञाधारक?'

नमुना उत्तर पुन्हा काढून पाहिलं.
त्यात भाऊ नव्हता.
शून्य घातलं. खोडलं. दोन घालायला हात होईना,
दोन द्यायचे तर बाकीच्यांना काय द्यायचं?
बाराला लाईट गेली,
गल्लीतले माग एकदम थांबले.
मला आठवला कपाटातला दंडाचा डबा,
दूध पावडरचा, झाकणाला चीर पाडलेला.
चीर मीच पाडली होती.
मी, राजमल्लू पंचवाल्याचा मुलगा, येमूल सर.

सकाळी फळ्यावर तोच शब्द लिहिला, तसाच.
मग काना दिला.
'त्या दिवशी कुणाला दिसलं होतं हे?'
पंखा फिरत राहिला.
शेवटच्या बाकावरून अंबादास गाजूल, मान खाली घालून:
'सगळ्यांनाच, सर.'
'मग...'
आणि तोंडातून निघून गेलं,
'एंदुकु चेप्पलेदु? का नाही सांगितलं?'

बेचाळीस माना कपाटाकडे वळल्या.
मग लावण्या उठली,
बाकाच्या कडेला धरून, पण उठली:
'सर, एक रुपया.'

मी खिसे चाचपले.
पाचाचं नाणं निघालं.
सुट्टे नव्हते.