पूर्वीपेक्षा

राजारामपुरी, दुसरा मजला.
हे बाकावर, मी कागदापाशी.
तरन्नुम सिस्टर वाचते :
गेल्या सहा महिन्यांत, पूर्वीपेक्षा...

पूर्वीपेक्षा चिडतात?
चिडके तर पहिल्यापासून. उद्यमनगरात
फौंड्रीचे लाकडी पॅटर्न करायचे;
लोखंड निवताना आटतं, म्हणून साचा
किती वाढवायचा, ते सुतात सांगायचे.
एक सूत चुकलं की दिवसभर अबोला.

संशय?
हो. पटाशी चोरली म्हणून
पोवारांच्या पोराला जिन्यात अडवलं.
पटाशी यांच्याच उशाखाली.

आवड कमी झालीय?
खासबागेत कुस्ती लागली तरी
पायात चप्पल घालत नाहीत.

"आणि विसरणं?" मी विचारते. "त्यासाठीच आलोय."
"ते बघूच. पण कधीकधी आधी
स्वभाव हलतो, मावशी."

पान उलटून :
परक्यांसमोर, पूर्वी बोलले नसते
असं काही बोलतात?

पेन थांबतं.
चाळीस वर्षं ताटावरून मुकाट उठलेला माणूस
परवा गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला,
"आमची ही लई देखणी, बघा."
मी पदर तोंडाला लावला.
घरी येऊन आरशात बघितलं,
ओठावर दुधाचा फेस होता.

सौम्य, मध्यम, तीव्र.
"कधीपासून?"
"संक्रांतीपासून," म्हणते,
आणि सौम्यच्या चौकटीत
जमेल तेवढी बारीक खूण करते.

"झालं काय गं?" हे विचारतात,
अंगठ्यानं बाकाची कड मोजत.
"दोन सूत आटलंय हे."