छाट

एकतीस दहा.
एका रात्रीत, साडेनऊ ते पावणेअकरा,
एकाच खेळाला दहापैकी दहा.
देणाऱ्यांनी त्याआधी कशालाच गुण दिलेले नाहीत,
नंतरही नाहीत.
यंत्रानं सगळ्यांना लाल केलं
आणि माझ्या पुढ्यात ढकललं :
ठेवायचे की छाटायचे?

माझं काम हेच.
पटावरच्या खेळांना लोक गुण देतात,
त्यातले खोटे मी वेचते.
खरी माणसं सात देतात, साडेसहा देतात,
खेळ आवडला तरी फाशांच्या रंगावरून अर्धा कापतात,
दोन वर्षांनी परत येऊन आठाचे सहा करतात.
खोट्यांना घाई असते.
दहा. किंवा दुसऱ्याचा खेळ पाडायचा असेल, तर एक.
मधलं त्यांना परवडत नाही.

खेळाचं नाव उभा-आडवा.
करणारा अंबादास येलदी, सोलापूर.
गावाचं नाव वाचलं
आणि खिडकीबाहेर तेच गाव होतं, त्रेचाळीस अंशांत,
दुपारी तीनला कुत्रंसुद्धा नसलेलं.

अम्मा कारखान्यात विड्या द्यायला जायची
तेव्हा मी सुपाची कड धरून उभी असायचे.
चेकर एक कट्टा सोडायचा,
चार विड्या बोटांत फिरवायचा,
आणि नजर दुसरीकडेच ठेवून म्हणायचा, छाट.
अम्मा तेलुगूत काहीतरी पुटपुटायची.
ते त्यालाही कळायचं, तोही आमच्यातलाच.
छाटलेल्या विड्यांचं पुढं काय होतं
हे सगळ्या पेठेला माहीत होतं.
अम्माच्या पुस्तकात त्या नसायच्या, एवढंच.
म्हणून ती हजारामागं चाळीस जास्त वळायची.
छाटीच्या चाळीस.
रात्री, दिवा बारीक करून.

संध्याकाळी स्कूटी काढली.
हे नियमात बसत नाही.
कुंभारीच्या रस्त्याला, विडी घरकुलात,
येलदी कुठं विचारलं तर पोरंच पुढं पळाली.

जेकार्डचे पुठ्ठे पाडण्यात त्याची तीस वर्षं गेली.
माग भंगारात गेले, पुठ्ठे उरले.
त्याच भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांचा पट,
शर्टाच्या गुंड्यांच्या सोंगट्या,
आणि एक नियम असा, की दुसऱ्याचा धागा तुटला
तर आपणही एक डाव थांबायचं.
मी बसले. गौतमी नावाच्या एका दातपडकीनं
मला दोनदा हरवलं.

फोन एकच होता, व्यंकटेशच्या मामाचा.
रांग लावून दिले म्हणाली गुण,
ज्याचे त्यानं, ज्याच्या त्याच्या नावानं.
दहाच का पण?
"दहाच्या पुढं नव्हतंच की हो."

मी निघाले तेव्हा व्यंकटेश गेटापर्यंत आला.
चप्पल मातीत घासत म्हणाला,
"ताई, चार माझेच आहेत.
सत्तावीसजणच होतो आम्ही.
काही उडवतातच म्हणे वरचे,
म्हणून चार जास्त टाकले."

स्कूटी चालू होईना.
का मीच किल्ली फिरवत नव्हते, आठवत नाही.

रात्री यादी उघडली.
चार कुठले, ते त्यालाही आठवत नव्हतं.
एकतीस नावं, एकतीस दहा,
वळलेल्या विड्यांसारखे एकसारखे.
यंत्राला चार छाटा असं सांगता येतं,
पण कुठले ते बोट ठेवून दाखवावं लागतं.
मी बोट ठेवलं. चारदा.
नजर कुठं होती, विचारू नका.

मग माझ्या नावानं नवं खातं उघडून
उभा-आडवाला गुण दिले : साडेसात.
खाली लिहिलं,
खेळ चांगला आहे, धाग्याचा नियम फार चांगला,
पण गुंड्या भोकांतून घसरतात.
शक्य तितकं खरं लिहिलं.

सकाळी चहाचा कप ठेवेपर्यंत
यंत्रानं तेही लाल केलं होतं :
नवं खातं. सोलापूर.
आधी कशालाच गुण नाहीत.